मधली ओळ वाकडी

३ फेब्रुवारी, सोमवार

उस्तादांनी बजावून ठेवलं होतं, "स्वतःचं दुकान काढलंस की रोज लिहीत जा. कुठला टीव्ही आला, काय बिघाड निघाला, कशाने बरा झाला." सर्व्हिस सेंटरमध्ये ते माझे वरिष्ठ. टीव्ही उघडायचा कसा हे मला त्यांनीच शिकवलं. सेंटर बंद पडलं, ते घरी बसले, आणि मी दुकान काढलं. तेव्हा आजपासून लिहिते. पण नुसते बिघाड लिहून माझं समाधान होणार नाही, मनातलंही मधेमधे येणारच. वहीने तक्रार करू नये.

दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. खिडकीखालची भिंत यांनी फोडली आणि जाड फळी टाकून दिली, तेच काउंटर. आमचे हे फरशीवाले. उभा जन्म लोकांच्या घरी फरश्या आणि टाइल बसवण्यात गेला. फळीवर लेव्हल ठेवून त्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला तिथे बसू दिलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक दुपारी आलं. कोपऱ्यावरचे सलूनवाले दादा. टीव्ही पोटाशी धरून उभे, खिडकीतून माझ्या मागे डोकावत विचारतात, "मेकॅनिक कधी येतील?"

"आलेत," मी म्हटलं. "तुमच्यासमोर बसलेत."

दादा चपापले, पण हसले. टीव्हीच्या डाव्या अर्ध्या भागात उभे पट्टे. सोळा तारखेला अंतिम सामना आहे, त्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्याआधी टीव्ही हवा. मी छाती ठोकून सांगितलं, "परवा घेऊन जा." सलून म्हणजे सगळ्या वस्तीच्या गप्पांचा अड्डा. माझ्या हातचा टीव्ही तिथल्या भिंतीवर नीट चालला तर पाटीही लावायची गरज नाही. आणि नाही चालला तर मग पाटी लावून उपयोग नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बिघाड: उभे पट्टे. कारण: बोर्डाकडून पडद्याकडे जाणारी चपटी पट्टी खाचेतून हललेली, टोकांवर मळ. उपाय: साफ केली, घट्ट बसवली. पट्टे गेले. घ्या उस्ताद, लिहिलं.

पण पुढचं कुठल्या रकान्यात लिहू?

काम झालं की मी पेन ड्राइव्ह लावून चौकटींचा पॅटर्न बघते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघा, मधोमध एक ठिपका. समोर उभी राहते, डावा डोळा मिटते, ठिपक्यावर नजर धरते. भिंग लावून लावून ही सवयच पडली आहे. उजवा डोळा माझा कामाचा, डावा नुसता शोभेचा.

आज ठिपक्याजवळच्या रेघा वाकलेल्या. कडेला छान सरळ, आणि मधे कुणी वरून अंगठ्याने दाबल्यासारख्या खाली गेलेल्या. मी पडदा पुसला, मान वाकडी केली, मागे सरकले, पुढे आले. वाकलेल्याच. मी टीव्ही बंद करून पुन्हा लावला, तरी तेच.

कारण हे होऊच शकत नाही. जुन्या डब्याच्या टीव्हीत व्हायचं. त्या नळीत किरण भरकटला की चित्र वाकायचं, ते मी शेकड्यांनी सरळ केले आहेत. सपाट पडद्यात प्रत्येक ठिपका काचेत जागच्या जागी पक्का केलेला असतो. तो काळा पडेल, रंग सोडेल, मरेल, पण उठून शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसणार नाही. इतक्या वर्षांत पाहिलं नाही, ऐकलं नाही, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या टीव्हीत निघालं!

६ फेब्रुवारी

दादा टीव्ही न्यायला आले. पट्टे गेलेले बघून खूश. मी पॅटर्न लावला आणि म्हटलं, "मधे बघा. रेघा वाकल्यात."

त्यांनी बघितलं. जवळ जाऊन बघितलं. "ताई, मला तर सरळ दिसतायत."

"नीट बघा."

"अहो, माझी गिऱ्हाइकं टीव्ही आरशात बघतात. त्यांना सगळं उलटंच दिसतं. त्यात एवढंसं वाकडं असलं तर कोण भांडायला येणार आहे?"

मी म्हटलं, "माझ्या हातून वाकडं चित्र बाहेर जाणार नाही." दादा कानाची पाळी खाजवत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्हाला कळतं त्यातलं. आपण काय, कात्री चालवणारी माणसं." आणि रिकाम्या हाताने गेले. मला जरा बरंच वाटलं. कामाची कदर असलेला माणूस आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मी दोनदा हबकले.

सकाळी दादांच्या टीव्हीतला बोर्ड बदलून बघितला, ओळखीच्या दुकानातून मागून आणला होता. रेघा वाकड्या. पट्टी बदलली. वाकड्या. मग तोच पेन ड्राइव्ह माझ्या स्वतःच्या टीव्हीला लावला. हा माझा तपासणीचा टीव्ही, याच्याशी ताडून मी बाकीचे टीव्ही पारखते. डावा डोळा मिटला, ठिपक्यावर नजर धरली. याच्याही रेघा वाकड्या! त्याच जागी, तशाच दबलेल्या.

पेन ड्राइव्ह बिघडला म्हणावं तर नवा आणला, त्यावरही तेच. व्होल्टेज म्हणावं तर टीव्ही उचलून आतल्या खोलीत नेला, दुसऱ्या खटक्यावर लावला. तेच. बिघाड माझ्या मागे मागे खोलीभर फिरतोय.

उस्तादांना फोन केला. ते म्हणाले फोटो पाठव. पाठवला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन, "अगं, फोटोत रेघा सरळ आहेत. पट्टीने मोजल्या."

मी फोटो उघडून बघितला, मला त्यातही मधे खळगा दिसला. आता त्यांना काय सांगायचं? उस्तादांचं वय झालं. चष्म्याचा नंबर वाढला असणार आणि तपासून घ्यायचा कंटाळा. पुढच्या वेळी भेटले की मीच धरून नेणार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात महाभारत झालं.

ओट्यामागच्या भिंतीला टाइल लावून द्या, असं मी लग्न झाल्यापासून मागे लागले होते. लोकांची स्वयंपाकघरं चकाचक आणि आमच्या भिंतीचा रंग सोललेला. अखेर यांना मुहूर्त सापडला. गेला आठवडाभर कामावरून आले की एक-दोन ओळी बसवायचे. आज काम पुरं झालं. पांढऱ्याशुभ्र चौकोनी टाइल, मधल्या ओळीत बरोबर मधोमध एक निळ्या फुलाची. हे हात पुसत दाराशी उभे राहिले आणि मला हाक मारली, "ये, बघून घे."

मी आले, हे ओळ पारखताना करतात तसा एक डोळा मिटून फुलावर नजर धरली. आणि तोंडातून निघून गेलं, "मधली ओळ वाकडी झालीय."

यांनी हात पुसायचं थांबवलं. मग हे म्हणाले, "कुणाची ओळ?"

"तुमची. फुलापाशी खाली गेलीय."

यांनी लेव्हल आणली. लावली. बुडबुडा मधोमध. सूत ताणून दाखवलं. मला तर सूतही फुलापाशी ढिलं पडल्यासारखं दिसलं, तसं मी म्हटलं. मग मात्र यांचा पारा चढला. "माझ्या ओळीवर सूत धरून लोक भांडणं मिटवतात, आणि तू मला शिकवतेस?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "लोकांच्या घरी मन लावून करता, आपल्या घरी पाट्या टाकता!" हे न जेवता झोपले. मीही एकटी काय जेवणार, भात तसाच झाकून ठेवला.

पण वाकडी आहे ती आहे. मी खोटं कशाला बोलू?

११ फेब्रुवारी

अबोला. चहा ओतताना कपाबाहेर ओतला, अर्धा ओट्यावर. यांनी फडका आणून पुसला, तोही न बोलता. वर बघितलं तर यांच्या चेहऱ्याच्या मधे धुरकट डाग, बहुतेक चहाची वाफ.

संध्याकाळी बातम्या लावल्या. बातम्या सांगणाऱ्या बाईचं नाक कुणी बोटाने पुसून टाकावं तसं नाहीसंच झालेलं. म्हणजे माझा टीव्ही दिवसेंदिवस जास्तच बिघडतोय. दुकान उघडून जेमतेम आठवडा झाला आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तोच टीव्ही आजारी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादा पुन्हा येऊन गेले. सामना रविवारी. मी शनिवार सांगितला. त्यांनी विचारलं, "ताई, आहे तसाच लावू का? मला चालेल." मला चालणार नव्हतं.

उस्तादांशी बोलले. त्यांनी जुना धडा पुन्हा म्हणून दाखवला. संशय आला की ती वस्तू बदलायची. बिघाड तिच्याबरोबर गेला तर ती दोषी. नाही गेला तर पुढची बदलायची. सगळं बदलून संपलं तरी बिघाड आहेच, तर जे बदलायचं राहिलं ते शोधायचं.

"बोर्ड बदललास?"

"बदलला."

"पट्टी, पेन ड्राइव्ह, खटका, खोली, टीव्हीसुद्धा?"

"सगळं बदललं उस्ताद."

"मग काय बदललं नाहीस?"

मी खूप डोकं खाजवलं. मग सुचलं. काच! पत्र्याच्या चौकटीत काच कुठेतरी आवळली गेली असणार, तिच्यावर ताण येऊन मधे खळगा पडत असणार. दोन्ही टीव्हींत एकाच वेळी कसा, हे काही कळत नाही. ते मागाहून बघू. उद्या दादांच्या टीव्हीची चौकट सोडवते. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घाई करू नकोस. आधी थोडे दिवस दुसऱ्या कुणाला तरी बघू दे." म्हणजे माझ्यावर विश्वास नाही!

१४ फेब्रुवारी

मेला. टीव्ही मेला. मी मारला.

चौकटीच्या कोपऱ्यापाशी काचेच्या कडेला पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांना धक्का न लावता अशी चौकट मी डोळे बांधून काढलेली आहे. आज पेचकस कडेवर टेकवला असं मला वाटलं, आणि तो कडेवर नव्हता. कट् असा आवाज झाला. भीत भीत टीव्ही चालू केला तर वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत काळी भेग, तिच्या दोन्ही बाजूंनी रंग ओघळलेले.

टीव्ही पाडणारे, लाथ मारणारे, पाणी ओतणारे सगळे पाहिले मी, त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःच्या हाताने काच कधी फोडली नव्हती. कडा दिसत होती, मला चांगली दिसत होती. मग पेचकस तिथे का नव्हता?

हे कामावरून आले, मला टेबलाशी बसलेली बघितलं, टीव्हीकडे बघितलं. अबोला त्यांनीच मोडला. "हात कापला का?" एवढंच विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी माझा स्वतःचा टीव्ही भिंतीवरून काढला, यांनी उचलून दिला, आणि आम्ही दोघांनी तो सलूनमध्ये नेऊन लावला. दादांना सांगितलं, "तुमचा माझ्या हातून फुटला. आता हाच तुमचा." त्यांच्या हातातला वस्तरा तसाच हवेत राहिला. खुर्चीतला माणूस अर्धी दाढी घेऊन आमच्याकडे बघत होता.

"अहो पण चालत होता की तो," दादा म्हणाले.

मी भिंतीवरचे पेच आवळत राहिले. वर सांगून आले की यातही मधे जरा वाकडं दिसेल, सांभाळून घ्या. परत येताना वाटेत मी रडले. लोक बघत होते, बघू देत. दुकान बंद करते, असं मी यांना म्हटलं. हात गेला माझा, उद्या दुसऱ्याच्या घरातला टीव्ही फोडून ठेवीन.

यांनी काही समजूत घातली नाही. यांना ती येतच नाही. घरी आल्यावर छिन्नी काढली आणि म्हणाले, "चल, तुला ती मधली ओळ सरळ हवी होती ना? तुझ्या मनासारखी करून देतो."

संध्याकाळ त्यातच गेली. मी दाराशी, डावा डोळा मिटून, नजर निळ्या फुलावर. हे एकेक टाइल ओल्या सिमेंटात धरून विचारायचे, "वर?" मी सांगायचे, "अजून वर. थोडी. बास." फुलाच्या शेजारची टाइल बसवताना हे एकदा थांबले, माझ्याकडे वळून बघितलं, म्हणाले, "खरंच?" मी म्हटलं, "डोळ्यांनी दिसतंय ना मला!" मग पुढे काही न बोलता मी सांगेन तशी एकेक बसवत गेले. वरच्या ओळीच्या टाइल कातरून घ्याव्या लागल्या, तरी हूं की चूं नाही.

शेवटी ओळ सुतासारखी सरळ दिसली. मी टाळ्या वाजवल्या. "बघा! आता कबूल करा, चुकली होती की नाही?"

हे मागे सरकले, उलट्या घातलेल्या बादलीवर बसले आणि त्या ओळीकडे नुसते बघत राहिले. चेहरा पांढराफटक. चूक मान्य करायची सवय नसली की असं होतं. मला मात्र खूप दिवसांनी बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हे माझ्याआधी उठले होते. ओट्याशी उभे. मला म्हणाले, "डावा डोळा मीट. ओळ कशी आहे?"

"सरळ. कालच झाली ना."

"आता उजवा मीट."

"तो कशाला? डाव्याने मी काही बघत नाही."

"मीट म्हणतोय ना."

मी मिटला.

काय लिहू? ओळ मधे वर उचललेली होती. फुलाच्या दोन्ही बाजूंनी टाइल चढत गेलेल्या, उंटाची पाठ असावी तसा चांगला बोटभर फुगवटा. असं काम शिकाऊ माणूससुद्धा करणार नाही. मी डावा मिटला, सरळ. उजवा मिटला, वाकडी. यांनी सूत ताणून धरलं. डाव्या डोळ्याला सूत ताठ आणि टाइल त्याच्यावरून चढून गेलेल्या.

"रात्रभर मला झोप नाही," हे म्हणाले. "तू सांगत गेलीस आणि मी बसवत गेलो. आधी वाटलं, राग काढतेस. मग बघितलं तर तुझा चेहरा खरा. ही ओळ तुला सरळ दिसते. मला भीती वाटली गं."

मी चप्पलसुद्धा न घालता सलूनकडे धावले. सामना नुकताच सुरू झाला होता, आत माणसं दाटीवाटीने बसलेली. मी त्या गर्दीत घुसून भिंतीवरच्या माझ्या टीव्हीसमोर उभी राहिले. उजवा डोळा मिटला. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा सरळ. धावफलकाची चौकट सरळ. डावा मिटला, मधे सगळं खचलं. फेस लावलेली तोंडं माझ्याकडे बघत होती आणि मी एकदा हा डोळा, एकदा तो.

"काय झालं ताई?" दादांनी विचारलं. "अजून वाकडं?"

"नाही दादा. हा सरळ आहे. तुमचाही सरळच होता."

दादांना कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "मला सरळच दिसत होता हो. मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय." त्यांचा आवाज अजिबात रागावलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. त्यांनी खुर्चीतल्या माणसाला उठवलं आणि मला बसवलं, पाणी दिलं. समोरच्या आरशात मी मला दिसले. उजव्या डोळ्याने बघितलं तर माझ्या तोंडाच्या जागी डाग होता.

बदलायचा राहिला होता तो हा डोळा. उस्तादांना कळलं होतं का? "दुसऱ्या कुणाला तरी बघू दे," म्हणाले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी माझ्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. मी बघितलं. आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी, मधोमध एक ठिपका. माझाच पॅटर्न.

"एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा," बाई म्हणाल्या. "रेघा कुठे वाकलेल्या दिसतात का?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू. मी म्हटलं, "बाई, ही तपासणी मी रोज करते. टीव्हीची."

डोळ्यात थेंब घालून, यंत्रापुढे बसवून त्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि मॉनिटरवर दाखवला. सवयीने मी आधी मॉनिटर तपासला, चांगला होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर दिसत होते, एकावर एक, टाइलच्या ओळी असाव्यात तसे. मधे ते वर उचलले गेलेले. खाली पाणी साचलंय, बाई सांगत होत्या, नको त्या रक्तवाहिन्या उगवून पाझरतायत. माझं अर्धं लक्ष यांच्याकडे होतं. हे खुर्चीवरून उठून मॉनिटरच्या जवळ गेले आणि बोटाने तो फुगवटा दाखवत म्हणाले, "मॅडम, ही ओळ मी परवा बसवलीय." बाईंना काही कळेना. मग यांनी सगळं सांगितलं.

मी विचारलं, "म्हणजे पॅनलच गेलं ना? बदलून मिळत नाही ना?"

"बदलून नाही मिळत," त्या म्हणाल्या. "पण गळती थांबवता येते. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. थोडं परत येईल, कदाचित बरंच येईल. अजून थोडे महिने असेच गेले असते तर मधे कायमचा व्रण राहिला असता, मग काहीच करता आलं नसतं."

डोळ्यात सुई! आयुष्यभर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने बोर्डांना डाग देणारी मी, पण नुसत्या कल्पनेने खुर्चीतून उठून उभी राहिले.

२१ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं नाही फारसं. भीतीच जास्त. मी यांचा हात इतका आवळला होता की बोटं लाल झाली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मला वाटलं इंजेक्शन मलाच दिलं."

आता रोज सकाळी ते कार्ड एकेका डोळ्याने बघायचं. घरात भिंतभर चौकटी असताना कार्ड कशाला? मी ओट्याशीच बघते. डाव्या डोळ्याला मधली ओळ वाकडी. उजव्या डोळ्याला अजून सुतासारखी सरळ. आधी सरळ रेघ दिसली की बरं वाटायचं, आता तीच नकोशी होते.

४ मार्च

डाव्या डोळ्याला भिंग लावून बोर्डाला सोल्डरचा डाग द्यायला बसले. डाग भलतीकडे, बोटाला चटका. शोभेच्या डोळ्याला अचानक कामाला जुंपलं तर तो तरी काय करणार! वैतागून फोन केला तर उस्ताद म्हणाले, "लहान मुलाला शिकवतेस तसं त्याला शिकव. रोज थोडं." मग म्हणाले, "मला फोटो बघूनच शंका आली होती. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. माझंच चुकलं." मी त्यांना म्हटलं नाही की तुमचा नंबर वाढलाय असं मी या वहीत लिहून ठेवलंय.

२३ मार्च

दुसरं इंजेक्शन झालं. ओळ सरळच. डॉक्टरीणबाई म्हणतात पाणी कमी होतंय. फोटोत होत असेल, मला दिसत नाही. यांच्याशी उगाच भांडले. हे भांडलेच नाहीत, त्याचा आणखी राग आला.

दादांनी दोन गिऱ्हाइकं पाठवली. सांगून पाठवलं, "ताईंनी स्वतःचा टीव्ही काढून दिला मला." कुणाचा फोडला ते सांगितलं नाही म्हणे. दोन्ही टीव्ही मी डाव्या डोळ्याने तपासले, आणि मग यांना बोलावून दाखवले. आता माझ्या दुकानातून टीव्ही यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. हे चौकटींचा पॅटर्न अगदी भक्तिभावाने बघतात.

११ एप्रिल

यांच्या ओळखीचे एक ठेकेदार घरी आले होते. चहा पिताना त्यांची नजर ओट्यामागे गेली. कप खाली ठेवून म्हणाले, "अरे, ही ओळ कुणी घातली? पार गेलीय की कामातून."

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "मी घातली." आणि बिस्किटांची ताटली पुढे केली.

ठेकेदार गेल्यावर मी म्हटलं, "काढून टाका ना ती ओळ. तुमचं नाव खराब होतंय." हे म्हणाले, "बघू." तिसरं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात.

९ मे, शुक्रवार

सकाळी दूध तापत ठेवलं. रोजच्यासारखा उजवा डोळा मिटून बघितलं, वाकडी. मग डावा मिटला. नजर फुलावर.

वाकडी.

मला वाटलं, मी चुकून तोच डोळा मिटला. हाताने डावा झाकून बघितलं. फुलाच्या शेजारची टाइल वर चढलेली. तिच्या पलीकडचीही. मी इतक्या जोराने ओरडले की दूध उतू गेलेलं कळलंच नाही. "अहो! अहो, वाकडी दिसतेय! मधली ओळ वाकडी दिसतेय!"

हे अर्धी दाढी करून धावत आले, गालाला फेस तसाच. "कुठे? बोटाने दाखव. डावा झाकून ठेव, बघू नकोस त्याने."

मी डावा डोळा तळव्याने दाबून धरला आणि ओळीवरून बोट फिरवत गेले. इथून चढते, फुलापाशी सगळ्यात वर, इथून उतरते. यांचं बोट माझ्या बोटाच्या मागून येत होतं. शेवटी पोचल्यावर हे म्हणाले, "बरोबर. तिथेच चुकवलीय मी." आणि ओट्याला टेकून, तोंडावर हात घेऊन हा माणूस रडला. फेस आणि पाणी सगळं एक झालं. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं मी.

कार्डवरच्या रेघा अजून थोड्या हलतात. सगळं परत आलेलं नाही, येईलच असंही नाही. ते मला कळतं. पण फुलाची पाकळी न् पाकळी दिसली.

दूध पुसून झाल्यावर मी विचारलं, "आता तरी सरळ करून द्याल ना ती ओळ?"

"हात लावणार नाही," हे म्हणाले. "रोज सकाळी मला विचारायचं आहे, वाकडी दिसते ना म्हणून."